पुसूनपुसूनही फोनची काच तेलकटच राहते तेव्हा

आईचा फोन रोज संध्याकाळी माझ्या हातात यायचा आणि तक्रार एकच असायची, "अरे, आत्ताच पुसला होता, पुन्हा बघ." इंदूरला सुदामानगरमध्ये आमच्या घरून रोज डबे जातात. पोळ्या लाटता लाटता फोन वाजतो, कुणाला आज भात नको असतो, कुणाला डबा साडेबाराऐवजी एकला हवा असतो. आई कणकेच्या हातानं, फोडणीच्या हातानं, फार तर पदराला बोटं पुसून फोन उचलते. संध्याकाळपर्यंत काचेवर पिवळसर, धुरकट थर बसलेला असायचा. तो पुसला की काच दहा मिनिटं चकचकीत दिसायची, आणि एक फोन कानाला लावला की गालाचा नि बोटांचा ठसा पुन्हा जागच्या जागी. मग आम्ही सॅनिटायझर लावला. मग खिडक्यांच्या काचा पुसायचा स्प्रे. मग ओलं फडकं. दोन महिन्यांत अशी पाळी आली की पुसल्यावर काच आधीपेक्षा वाईट दिसायची: तेलावर दिसतात तसे रंगीत पट्टे, मधे पांढुरके डाग, आणि बोट सरकवलं की ते मधेच अडायचं.

घाण राहून जातेय म्हणून हे होतंय, असं आम्हाला वाटत होतं, म्हणून दर वेळी आणखी जोरात, आणखी जहाल काहीतरी घेऊन पुसत होतो. दुखणं नेमकं त्यातच होतं.

फोनची काच म्हणजे नुसती काच नसते. तिच्यावर फ्लोरिन असलेल्या रसायनाचा एक लेप असतो, जाडी काही नॅनोमीटर. तेल त्याला धरत नाही, म्हणून ठसे कमी उमटतात आणि उमटले तरी कोरड्या फडक्यानं एका फेरीत निघतात. आयफोनमध्ये हा लेप २००९ सालच्या ३जीएसपासून आला, आता बऱ्याच फोनवर असतो. नव्या फोनवर बोट लोण्यावरून गेल्यासारखं सरकतं ते त्याच्यामुळे. हा लेप नुसत्या वापरानंही हळूहळू झिजतो. घासलं तर लवकर झिजतो, आणि अमोनिया, ब्लीच, थिनर, टूथपेस्ट असल्या गोष्टींनी त्याहून लवकर. लेप गेला की उघडी काच तेल धरून ठेवते. ठसे पटकन उमटतात, म्हणून आपण जास्त पुसतो, म्हणून उरलासुरला लेपही जातो. आईचा फोन या चक्रात अडकला होता आणि ते चक्र मीच फिरवत होतो.

लेप शाबूत आहे की नाही हे घरी बघता येतं. फोन बंद करा, टेबलावर आडवा ठेवा आणि काचेच्या मधोमध, कानाच्या जाळीपासून नि चार्जिंगच्या भोकापासून लांब, बोटाच्या टोकानं पाण्याचा एकच थेंब ठेवा. लेप चांगला असेल तर थेंब अळूच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहतो आणि फोन किंचित कलता केला की घरंगळतो. लेप गेला असेल तर तोच थेंब पसरून चपटा होतो, कडा वेड्यावाकड्या होतात. आईच्या फोनवर मी दोन थेंब ठेवले. वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं बोट फारसं जात नाही, तिथला गोल राहिला. खाली, जिथे कीबोर्ड येतो, तिथला एका क्षणात पसरला. दोन थेंबांत चार बोटांचं अंतर, पण काच जणू दोन वेगळ्या फोनची. जेल रोडवर टेम्पर्ड ग्लास बसवणाऱ्या मुलाला हे दाखवलं तर तो बघताक्षणी म्हणाला, "भिया, नीचे का कोटिंग तो उड़ गया." त्याचं म्हणणं बरोबर होतं.

थेंब पसरला तर काय करायचं? गेलेला लेप पुसून परत येत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वर चांगला टेम्पर्ड ग्लास लावणं, कारण बऱ्या ग्लासवर त्याचा स्वतःचा लेप असतो आणि तो झिजला की ग्लास बदलता येतो. त्यावर लिहिलेल्या ९एचचा अर्थ पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला ९ असा आहे, हिऱ्याच्या जवळचा नव्हे, म्हणून तोही जपूनच पुसायचा. वळलेल्या कडांच्या फोनवर पातळ गोंद ओतून अतिनील दिव्याखाली ग्लास पक्का करतात. तो गोंद कानाच्या जाळीत किंवा बटणांत उतरू शकतो, तेव्हा असा ग्लास हात बसलेल्या माणसाकडूनच लावून घ्या.

आता पुसण्याकडे येतो. साफ करणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आमचा सगळा घोटाळा ती एकत्र केल्यानं झाला. तेल, कणीक, घाम निघायला हवेत रोज. जंतुनाशक लागतं ते कधीतरी. शिवाय तेलाच्या थरावर जंतुनाशक ओतलं तर ते जंतूंपर्यंत धड पोहोचतच नाही, थर मात्र विरघळून पसरतो. ते रंगीत पट्टे म्हणजे हा पसरलेला थर.

रोजच्यासाठी मायक्रोफायबरचं फडकं पुरतं, चष्म्याच्या दुकानात मिळतं ते. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचे, केसापेक्षाही कितीतरी बारीक चिरलेले धागे असतात त्यात, ते तेल उचलून आत ओढून घेतात. साडीचा पदर, रुमाल, टिश्यू पेपर हे काम करत नाहीत, ते तेल इकडचं तिकडे करतात. पदराच्या काठाला जरीचं काम असेल तर ते घासतं तेही वेगळं. पुसायच्या आधी फोन उलटा धरून हलकेच झटका किंवा मऊ ब्रश फिरवा. आपल्याकडची धूळ म्हणजे बरीचशी बारीक वाळू, आणि वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. धूळ तशीच ठेवून दाबून पुसलं की चरे पडतात. चरा एकदा पडला की त्यात तेल बसतं आणि ते काही केल्या निघत नाही.

फडकंही धुवावं लागतं हे आम्हाला फार उशिरा सुचलं. तेच फडकं आठवडाभर वापरलं तर तिसऱ्या दिवसापासून ते तेल काढत नाही, लावतं. साध्या साबणात वेगळं धुवायचं, सावलीत वाळवायचं. कपडे मऊ करायचं द्रव त्यात घालू नये, त्याचा मेणचट अंश धाग्यांवर बसतो आणि मग हेच फडकं काचेवर पट्टे ओढतं. इस्त्री तर अजिबात नको, धागे वितळतात. आमच्याकडे आता तीन फडकी आहेत आणि ती आईच्या डब्यांच्या फडक्यांत मिसळू नयेत म्हणून खुंटीच वेगळी केली आहे.

तेलाचा थर जाड असेल, म्हणजे सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडू कंदावर लिंबू पिळून त्याच बोटांनी फोटो काढल्यावर होतो तसा, तर कोरडं फडकं हरतं. फोन बंद करायचा, चार्जर काढायचा, कव्हर काढायचं. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. फडक्याचं टोक त्यात बुडवून इतकं पिळायचं की आणखी पिळलं तरी पाणी पडणार नाही. त्यानं काच पुसायची, मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या टोकानं साबण काढायचा, आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. ही दुसरी फेरी लोक गाळतात. साबणाचा जो अंश उरतो तोच पुढे चिकट लागतो, आणि मग काच पुन्हा खराब झाली म्हणून पुन्हा साबण.

पाणी कोणतं, यानं इथे फार फरक पडतो. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपानं चढवून इंदूरला येतं आणि ते त्या मानानं बरं आहे, पण अनेक कॉलन्यांत बोअरिंगचं पाणीही वापरात असतं आणि ते जड असतं. बादलीच्या आत जो पांढरा थर धरतो तोच थेंब वाळल्यावर फोनवर धरतो. आईच्या फोनवरचे पांढुरके डाग हेच होते, आणि आम्ही ते बुरशी समजून सॅनिटायझरनं घासत होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरात असतं, ते वाटीभर घ्या. नाहीतर आरओचं चालतं.

जंतुनाशक केव्हा? घरात कुणाला ताप-खोकला असेल, दवाखान्यातून आला असाल, फोन चार अनोळखी हातांत फिरला असेल, कच्च्या मटणाच्या हातानं धरला असेल, तेव्हा. काही विषाणू काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तासन्‌तास, काही दिवसही टिकतात, म्हणून अशा वेळी आळस करू नये. पण रोज सकाळ-संध्याकाळ करण्याची गरज नाही.

त्यासाठी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तितपत तीव्रतेचं इथाइल अल्कोहोल लागतं. ॲपल आधी जंतुनाशकांना नाहीच म्हणत असे. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, त्यांनी ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सना परवानगी दिली, ब्लीचला मात्र तेव्हाही मनाई केली. सॅमसंगही अल्कोहोल चालतं म्हणतं, पण ते फडक्यावर घेऊन, थेट फोनवर फवारून नव्हे.

अनेकांना वाटतं की ९९ टक्के जास्त चांगलं. तसं नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं मोडतं आणि त्या कामाला पाणी लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल काचेवर पडताच उडून जातं, काम करायला वेळच मिळत नाही. दवा बाजारातून ९९ टक्क्यांची बाटली आणली असेल तर ७० मिली त्यातलं आणि ३० मिली डिस्टिल्ड वॉटर असं मिसळा. हे करताना खिडकी उघडी, गॅस बंद, आणि देवघरातली समई विझलेली. अल्कोहोलच्या वाफा लांबून पेट घेतात आणि ज्वाला उजेडात धड दिसतही नाही. आमचं स्वयंपाकघर आणि देवघर एका भिंतीला आहे, म्हणून मी हे गच्चीवर करतो आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती कपाटात वर ठेवतो.

याहून सोपी गोष्ट आम्हाला आत्याच्या घरी सापडली. आत्या इन्सुलिन घेते. टोचण्याआधी कातडी पुसायला तिच्याकडे चौकोनी चपट्या पाकिटांत अल्कोहोल स्वॅब असतात, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात. बहुतेकांत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच असतं, पाकिटावर लिहिलेलं बघून घ्या. ओल नेमकी हवी तेवढी, ठिबकत नाही, मोजमाप नको, मिसळणं नको. एक स्वॅब पुढच्या बाजूला, एक मागच्या. काच अर्धा मिनिट तरी ओली दिसली पाहिजे, आपली आपण वाळू द्यायची, मग कोरडं फडकं. ओली असतानाच पुसून टाकली तर जंतुनाशकाला वेळ मिळत नाही, आणि आम्ही आधी दर वेळी तेच करत होतो.

सॅनिटायझर का नाही, हे वेगळं सांगतो, कारण कोरोनापासून तो घराघरात आहे. तो हातांसाठी केलेला असतो. कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरीन आहे. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन काचेवर राहतं. जेल असेल तर त्याला घट्टपणा आणणारा पदार्थही राहतो. हातांना हे सुखाचं, काचेला चिकट. सर्जिकल स्पिरिट घेत असाल तर घटक वाचा. काहींत एरंडेल असतं आणि तेही मागे तेलकट पापुद्रा ठेवतं. अतिनील दिव्याचे डबे मिळतात, पण उजेड जिथे पडतो तिथेच ते काम करतात. काचेवर तेलाचा थर असेल तर त्याखालचे जंतू वाचतात, आणि तो उजेड डोळ्यांना घातक असतो.

अल्कोहोललाही मर्यादा आहे. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर आणि काही जिवाणूंच्या बीजाणूंवर ते नीट चालत नाही. घरात तसा आजार असेल तर फोन पुसून निश्चिंत होऊ नका, हात साबणानं धुवा आणि जेवताना फोन लांब ठेवा. घडीच्या फोनच्या आतल्या पडद्याला यातलं काही लावायचं नाही, तो मऊ असतो. कोरडं फडकं, आणि कंपनीनं त्याच मॉडेलसाठी दिलेल्या सूचना. चामड्याच्या कव्हरलाही अल्कोहोल नको. सिलिकॉनचं कव्हर साबणानं धुवून पूर्ण वाळवा. त्यावर हळदीचा डाग पडला असेल तर घासत बसू नका, एक-दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. पारदर्शक कव्हर पिवळं पडतं ते मात्र प्लास्टिक म्हातारं होऊन, ते कशानंही निघणार नाही.

आता जोडीनं येणाऱ्या दोन-तीन तक्रारी.

समोरच्याचा आवाज बारीक येतो, ही आईची दुसरी तक्रार होती. कानाच्या जाळीत कणीक जाऊन बसली होती आणि ओल्या फडक्यानं मीच तिची लापशी करून आत लोटली होती. भिंग धरून बघितलं तर जाळीची अर्धी भोकं बुजलेली, पिठावर पिवळट कड आलेली. जाळीला ओलं काही लावायचं नाही. फोन पालथा धरायचा, म्हणजे सुटलेलं खाली पडेल, आणि मुलांच्या मऊ कोरड्या टूथब्रशनं हलक्या हातानं झाडायचं. मला त्यात वीस मिनिटं गेली. चार्जिंगच्या भोकात टाचणी घालू नका, तिथले पत्रे नाजूक असतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं तळाचा कचरा हळूच वर ओढा. अल्कोहोल किंवा पाणी आत सोडू नका. फोनवर आयपी६८, म्हणजे पाण्या-धुळीपासून बचावाचा दर्जा, लिहिलंय म्हणून नळाखाली धरणंही चूक आहे. त्या दर्जाची चाचणी स्वच्छ, साध्या पाण्यातली असते आणि फोन नवा असतानाची असते. रबराच्या सीली काही वर्षांत सैल होतात आणि पाणी शिरलेल्या फोनला बहुधा वॉरंटी मिळत नाही. शिरलंच पाणी तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, हवेशीर जागी ठेवा. तांदळात खुपसू नका, तांदळाचा भुसा आत जातो.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: फोन आधीच पारदर्शक पिशवीत सीलबंद करा. तरी गुलाल लागलाच तर घाईनं बोटानं पुसू नका. काही गुलालात चमक येण्यासाठी अभ्रक असतं, काहींत रेती असते. घरी येईपर्यंत तसंच राहू द्या, फोन पालथा करून ब्रशनं झाडा, कडांमधला रंग जाईपर्यंत झाडत राहा, आणि मगच फडकं. ओला हात आधी लागला तर त्या रंगाचा चिखल टेम्पर्ड ग्लासच्या कडेखाली शिरतो, आणि मग ग्लास काढल्याशिवाय सुटका नाही.

शेवटची तक्रार म्हणजे बोट एकीकडे आणि टच दुसरीकडे. काचेखाली बारीक विद्युतवाहक जाळं असतं आणि बोटानं होणारा विजेचा फरक ते ओळखतं. घाम, मिठाचं पाणी, ओली काच यांनीही तसाच फरक पडतो, म्हणून फोन आपोआप नंबर लावू लागतो. आधी काच पूर्ण कोरडी करा. तरी होत असेल तर चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जरच्या विजेतल्या गडबडीनंही टच भरकटतो, आणि चार्जर काढताच थांबला तर काच बिचारी निर्दोष आहे, चार्जर बदला. तेही नसेल तर टेम्पर्ड ग्लासच्या कडेखाली ओल किंवा तेल शिरलंय का ते बघा, असेल तर ग्लास काढून खालची काच पुसा आणि नवा लावा. आईच्या फोनवर हेच निघालं. एका कोपऱ्यात नखाएवढा पिवळा डाग होता, ग्लास उचलल्यावर खाली फोडणीच्या तेलाचा वास येत होता.

ग्लासशिवायही, कोरड्या काचेवर, चार्जर नसतानाही टच भरकटत असेल तर पुसणं थांबवा. ते काचेच्या आतलं काम आहे, सर्व्हिस सेंटरचं. फक्त तिकडे जाण्याआधी, पिन टाकता येतोय तोवर, फोटो आणि नंबरांचा बॅकअप काढून घ्या. पडदा पूर्ण गेला की फोन उघडताच येत नाही, आणि आईच्या फोनमध्ये डब्यांच्या सगळ्या घरांचे पत्ते होते.